‘कसा आहे पिक्चर?’ : एका साध्या प्रश्नाचं उत्तर

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? पिक्चर बघितला, आवडला, चार जणांना सांगितलं. नाही आवडला, आठ जणांना सांगितलं. झालं.

पण बघा, ‘कसा आहे पिक्चर?’ हा प्रश्न आपल्याला आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. लोकलमध्ये, ऑफिसात डबा खाताना, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गेटपाशी. आपणही दोन-तीन शब्दांत उत्तर देऊन मोकळे होतो. ‘बरा आहे.’ ‘टाइमपास.’ ‘भारी!’ ‘नको जाऊस.’ या दोन-तीन शब्दांवर दोन गोष्टी ठरत असतात. एक म्हणजे विचारणाऱ्याची अख्खी संध्याकाळ, आणि चौघांचं कुटुंब असेल तर तिकिटं, पार्किंग, पॉपकॉर्न धरून बऱ्यापैकी मोठी रक्कम. दुसरी गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. एखादा छोटा सिनेमा पुढच्या आठवड्यात थिएटरात असेल की नसेल, हेही आपल्यासारख्यांच्या अशाच उत्तरांच्या बेरजेतून ठरतं.

म्हणून आज या उत्तराबद्दल थोडं नीट बोलू. समीक्षेबद्दल मी बोलणार नाही. ते वेगळं काम आहे, त्याची वेगळी तयारी लागते. तुम्ही-आम्ही सहज जे सांगतो, त्याबद्दल बोलायचं आहे.

एका उत्तरात तीन वाक्यं

सिनेमाबद्दल आपण जे सांगतो त्यात तीन वेगळी वाक्यं एकमेकांत मिसळलेली असतात. पहिलं, ‘चांगला आहे’. दुसरं, ‘मला आवडला’. तिसरं, ‘तू बघ’.

पहिलं वाक्य सिनेमाबद्दल आहे. दुसरं सांगणाऱ्याबद्दल. तिसरं ऐकणाऱ्याबद्दल. आपण तिन्ही एकच असल्यासारखी वापरतो, आणि गडबड तिथेच होते.

एक उदाहरण घेऊ. टीव्हीवर ‘अशी ही बनवाबनवी’ लागला की हातातलं काम टाकून बसणारी माणसं घराघरात आहेत. १९८८चा सिनेमा. संवाद पाठ, पुढचा विनोद कोणता ते माहीत, तरी हसायचं. पण याच माणसांना ‘तुमच्या मते सगळ्यात श्रेष्ठ मराठी सिनेमा कोणता?’ असं विचारा. आवाज जरा गंभीर होतो आणि भलतंच नाव येतं. ही माणसं खोटं बोलत नाहीत. पहिल्या प्रश्नाला त्यांचा रिमोट उत्तर देतो, दुसऱ्याला त्यांच्यातला परीक्षक.

नेटफ्लिक्सला हाच अनुभव आला. पूर्वी तिथे सिनेमाला पाचपैकी तारे देता यायचे. २०१७ साली त्यांनी तारे काढून टाकले आणि अंगठा वर, अंगठा खाली एवढंच ठेवलं. कारण त्यांना दिसलं, की लोक गंभीर माहितीपटांना पाच तारे देतात आणि संध्याकाळी बघतात मात्र तीन तारे दिलेली हलकीफुलकी कॉमेडी. तारे देताना माणूस परीक्षक होत होता, बघताना प्रेक्षक. कंपनीला लोकांना पुढचं काय दाखवायचं ते ठरवायचं होतं. त्यासाठी ‘चांगला आहे का’ यापेक्षा ‘तुला आवडला का’ हे जास्त उपयोगाचं होतं.

आता आपल्याकडे वळू. मित्र विचारतो, ‘कसा आहे?’ त्याला बहुतेक वेळा तिसरं वाक्य हवं असतं, ‘मी बघावा का?’ आणि आपण देतो पहिलं किंवा दुसरं. ‘अप्रतिम कॅमेरावर्क आहे,’ असं आपण सांगतो. तो बिचारा दिवसभर कंटाळलेला असतो, त्याला बायकोबरोबर दोन तास हसायचं असतं. कॅमेरावर्क खरोखरच अप्रतिम असतं. तरी सल्ला चुकलेला असतो.

कोणाचं ऐकतात?

यावर एक जुना आणि प्रसिद्ध अभ्यास आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात डिकेटर नावाचं मध्यम आकाराचं शहर आहे. १९४५ साली तिथल्या सुमारे ८०० स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. एलिहू कॅट्झ आणि पॉल लाझर्सफेल्ड यांनी त्यावरून लिहिलेलं ‘पर्सनल इन्फ्लुअन्स’ हे पुस्तक १९५५ साली आलं. प्रश्न असा होता, की माणसं आपली मतं कशावरून बनवतात? रेडिओ, वर्तमानपत्रं, जाहिराती यांवरून, की ओळखीच्या माणसांच्या बोलण्यावरून? यासाठी त्यांनी चार विषय निवडले होते. घरातली रोजची खरेदी, कपड्यांची फॅशन, सार्वजनिक प्रश्न आणि चौथा सिनेमा.

त्यांना दिसलं की ओळखीच्या माणसाच्या शब्दाला फार वजन असतं. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. सगळ्या विषयांत एकाच माणसाचं ऐकलं जात नव्हतं. घरातल्या खरेदीबद्दल मोठ्या कुटुंबाचा संसार चालवणाऱ्या बायकांचा सल्ला घेतला जायचा. सिनेमाबद्दल विचारलं जायचं ते तरुण, लग्न न झालेल्या मुलींना. कारण सरळ आहे. त्या जास्त सिनेमे बघत होत्या, मैत्रिणींबरोबर जात होत्या, त्यावर बोलत होत्या. त्यांच्याकडे पद नव्हतं, पैसा नव्हता, त्यांनी कुठे काही लिहिलेलं नव्हतं. तरी सिनेमाच्या बाबतीत त्यांचा शब्द चालायचा.

आपल्या घरांतही हेच चित्र आहे. डाळ कुठून आणायची ते आजी ठरवते. पण शनिवारी कोणता पिक्चर, हे कॉलेजात जाणारी नात ठरवते. प्रत्येक कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा एक जण किंवा एक जण असतेच. ‘तिनं सांगितलंय म्हणजे जाऊ या.’ हा विश्वास एका दिवसात मिळत नाही. आधीच्या दहा वेळा तिनं सांगितलेलं जुळलेलं असतं.

आणि आपल्याला न जुळणारा माणूसही उपयोगाचा असतो बरं का! तुमच्या ऑफिसात एखादा असेल, त्याला आवडलेलं तुम्हाला कधीच आवडत नाही. तो ‘फालतू आहे’ म्हणाला की तुम्ही तिकीट काढता. इथे सल्ला अगदी नीट पोचलेला असतो, कारण तुम्हाला सांगणारा माहीत असतो. माहीत नसलेल्या माणसाचं ‘भारी’ आणि ‘फालतू’ दोन्ही सारखंच मुकं असतं.

आकडे काय सांगतात?

आता तुम्ही म्हणाल, माणसांना विचारायचंच कशाला? तिकिटाच्या ॲपवर दहापैकी गुण दिसतात, नेटवर टक्के दिसतात. ते बघावं.

बघावं, जरूर बघावं. फक्त तो आकडा कशाचा आहे, ते माहीत असावं.

‘रॉटन टोमॅटोज’ ही अमेरिकेतली वेबसाइट १९९८ साली सुरू झाली. तिथे एखाद्या सिनेमापुढे ९० टक्के लिहिलेलं असतं. आपण शाळेतल्या सवयीनं वाचतो, शंभरपैकी नव्वद मार्क, म्हणजे उत्तम सिनेमा. अर्थ तसा नाही. शंभरातल्या नव्वद समीक्षकांचा कौल अनुकूल आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्या नव्वदही जणांना तो नुसता ‘बरा’ वाटला असेल, तरी आकडा ९०च येणार. उलट एखादा सिनेमा साठ जणांना जीव ओवाळून टाकावा इतका आवडला आणि चाळीस जणांना मुळीच सहन झाला नाही, तर आकडा येणार ६०. तुम्ही त्या साठांतले असाल, तर त्या आकड्यामुळे तुमच्या आयुष्यातला एक मोठा सिनेमा हुकला.

आणखी एक. पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला कोण जातं? त्या नटाचे चाहते. ॲपवर पहिले गुण कोण देतं? तेच. त्यामुळे शुक्रवारी दुपारचा आकडा बराचसा चाहत्यांचा असतो. तो सिनेमाचा व्हायला दोन-तीन दिवस जावे लागतात.

अमेरिकेत ‘सिनेमास्कोअर’ नावाची एक कंपनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून एक मजेशीर काम करते. सिनेमा लागला त्या पहिल्याच रात्री थिएटरमधून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना ‘ए प्लस’पासून ‘एफ’पर्यंत श्रेणी द्यायला सांगतात. ‘एफ’ फार क्वचित मिळतो. २०१७ साली तो डॅरन अ‍ॅरोनॉफ्स्कीच्या ‘मदर!’ या सिनेमाला मिळाला. मुख्य भूमिकेत जेनिफर लॉरेन्ससारखी लोकप्रिय नटी. बऱ्याच समीक्षकांनी कौतुकही केलेलं. मग नापास कसा झाला? जाहिरातींवरून लोकांना वाटलं होतं, भयपट आहे. आत गेल्यावर निघालं एक विचित्र, अंगावर येणारं रूपक. त्या रात्रीच्या ‘एफ’मध्ये सिनेमावरचा राग होता, तसा फसवलं गेल्याचा रागही होता.

हे मी का सांगतोय? कारण आपणही रोज अशाच जाहिराती करत असतो. ‘अरे, हसून हसून मरशील!’ असं सांगून आपण समोरच्याला थिएटरात पाठवतो, आणि तो पहिल्या मिनिटापासून मरायची वाट बघत बसतो. तिथे तो पाच वेळा मनापासून हसला, तरी बाहेर येऊन म्हणतो, ‘एवढं काही नव्हतं.’ जास्त कौतुकानं सिनेमाचं नुकसान होतं ते असं.

‘एकदा बघायला हरकत नाही’

आपल्या मराठीत सिनेमावर मत द्यायचे काही ठरलेले शब्द आहेत. त्यांच्याकडे एकदा नीट बघू.

‘एकदा बघायला हरकत नाही.’ ऐकायला किती समंजस! पण हे ऐकून आजवर कोणी उठून थिएटरला गेलंय का? हरकत नाही म्हणजे गरजही नाही. हा सभ्य नकार आहे.

‘अ‍ॅवॉर्डवाला आहे.’ हे तर कौतुक करता करता घातलेलं कुंपण. ऐकणारा समजतो की संथ असणार, दुःखी असणार, शेवट कळणार नाही.

‘डोकं बाजूला ठेवून बघ.’ यात सांगणाऱ्याला आवडलाय, पण आवडल्याची थोडी लाज वाटते.

‘ओटीटीवर आला की बघ.’ हे सगळ्यात निरुपद्रवी वाटतं, आणि छोट्या सिनेमाला सगळ्यात महाग पडतं. ते कसं, त्यासाठी थिएटरचं गणित थोडं समजून घ्यावं लागेल.

तोंडी बातमीला लागणारा वेळ

१५ ऑगस्ट १९७५, शुक्रवार. त्या दिवशी ‘शोले’ लागला. आज आपण त्याच्याकडे दंतकथेसारखं बघतो. पण सुरुवातीला समीक्षकांचं मत थंड होतं आणि धंद्यातली जाणती माणसंही ‘पडला’ असं म्हणत होती. मग लोकांनी लोकांना सांगायला सुरुवात केली. बघून आलेला माणूस गब्बरचे संवाद म्हणून दाखवायचा, ऐकणारा तिकिटाच्या रांगेत उभा राहायचा. पुढे संवादांची रेकॉर्ड निघाली. मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात ‘शोले’ पाच वर्षांहून जास्त चालला.

त्याच वर्षी ‘जय संतोषी माँ’ आला. मोठे तारे नाहीत, खर्च अगदी थोडा. तो बायकांनी बायकांना सांगून मोठा केला. थिएटरच्या दाराशी चपला काढून आत जायच्या, आरती सुरू झाली की पडद्यावर नाणी उधळायच्या. ‘शोले’ आणि ‘दीवार’ यांच्या वर्षात हा सिनेमा त्यांच्या रांगेत जाऊन बसला.

मला यात एका गोष्टीकडे लक्ष वेधायचंय. या दोन्ही सिनेमांना वेळ मिळाला. एका थिएटरात एक सिनेमा, आणि तो काही आठवडे तरी ठेवायचा, असा तो काळ होता. बातमी तोंडोतोंडी पसरायला पंधरा दिवस लागले तरी सिनेमा जागेवर असायचा.

आता मल्टिप्लेक्समध्ये काय होतं? शुक्रवारी सिनेमा लागतो. छोट्या मराठी सिनेमाला दिवसाला एक-दोन खेळ मिळतात, तेही बऱ्याचदा दुपारी बाराला नाहीतर भलत्याच वेळी. शनिवार-रविवारी किती खुर्च्या भरल्या ते बघतात. सोमवारी गर्दी किती टिकली ते बघतात. त्यावर पुढच्या शुक्रवारचं वेळापत्रक ठरतं. रिकामी खुर्ची हा थिएटरवाल्याचा तोटा असतो, त्यामुळे त्यालाही नुसता दोष देऊन चालणार नाही. मोठ्या सिनेमाकडे जाहिरातीला पैसा असतो, त्यामुळे लोकांना तो लागायच्या आधीच माहीत असतो. छोट्या सिनेमाकडे फक्त बघून आलेली माणसं असतात. आणि ती शनिवारी बघणार, सोमवारी ऑफिसात सांगणार, ऐकणारा पुढच्या शनिवारी जायचं ठरवणार. तोवर खेळ उतरलेला असतो.

म्हणजे आपल्या बोलण्याचा वेग आठवड्याचा आणि थिएटरचा निर्णय तीन दिवसांचा. अनेक चांगले सिनेमे या मधल्या चार दिवसांत पडतात. ‘ओटीटीवर बघ’ हे वाक्य त्या चार दिवसांतलं असतं, म्हणून ते महाग पडतं.

जुळून आलं तर काय होतं, तेही आपण बघितलंय. २९ एप्रिल २०१६ला नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ लागला. नायक-नायिका दोघेही नवखे. गाणी आधीच गावोगाव वाजत होती, हे खरं; पण लोक पुन्हा पुन्हा गेले, घरच्यांना घेऊन गेले, ते बघून आलेल्यांच्या सांगण्यावरून. शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी सिनेमा. २०२३च्या जून अखेरीला केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ आला. सहा बहिणी आणि मंगळागौर. बायका गटागटानं, नऊवारी नेसून, गॉगल लावून गेल्या. एकीनं बघितला आणि पुढच्या आठवड्यात भिशीच्या सगळ्या मैत्रिणींना घेऊन ती परत गेली. डिकेटरच्या त्या अभ्यासात हेच होतं बघा. सिनेमा ही बहुधा एकट्यानं करायची गोष्ट नसते, त्यामुळे एका माणसाचं मत एका तिकिटापुरतं राहत नाही.

मग सांगायचं कसं?

यासाठी भाषेवर प्रभुत्व वगैरे लागत नाही. चार साध्या गोष्टी पुरतात.

पहिली, आधी विचारा. ‘कोणाबरोबर जाणार आहेस? मागचा कोणता आवडला होता?’ दहा सेकंदांचं काम आहे. सत्तरीच्या काकांबरोबर जाणाऱ्याला एक उत्तर, आणि परीक्षा संपलेल्या भाच्याला दुसरं.

दुसरी, सिनेमाची चाल सांगा. संथ आहे की धावतो, गाणी आहेत का, मारामारी किती, रडवतो का, लहान मुलं बसतील का. ‘चांगला-वाईट’पेक्षा ही माहिती जास्त कामाची असते.

तिसरी, पहिल्या अर्ध्या तासातला एक प्रसंग सांगा. एकच. त्यानं विशेषणांपेक्षा जास्त काम होतं आणि रहस्यही फुटत नाही.

चौथी, काय खटकेल तेही सांगून टाका. यानं सिनेमाचं नुकसान होत नाही. तुमच्या शब्दाची किंमत वाढते.

मी करूनच दाखवतो.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’. पहिल्या वाक्यानं सांगायचं तर, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, व्हेनिसला गाजलेला. झालं, समोरचा पळाला. त्याऐवजी असं सांगता येईल : ‘एका म्हाताऱ्या लोकशाहिराला अटक होते. आरोप असा, की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं आत्महत्या केली. मग खटला चालतो. खऱ्या कोर्टासारखा, तारखेवर तारीख. सिनेमातली सरकारी वकीलबाई कोर्ट सुटल्यावर आपल्यासारखीच घरी जाते, स्वयंपाक करते. कॅमेरा फारसा हलत नाही, घाई असेल त्या दिवशी नको बघू. पण कधी कुठल्या सरकारी कचेरीत दिवस घालवला असशील, तर तुला आत कुठेतरी हसू येईल आणि मग हसल्याचं वाईट वाटेल.’ हे ऐकून कोणी म्हणेल, नको बाबा. हरकत नाही. ज्याला हवा त्याला तो मिळाला.

अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’. ज्याच्या घरी बदलीची नोकरी होती, त्याला मी आधी हा सांगेन. वडील गेलेत, आईची बदली कोकणात झालीय, पुण्याचा मुलगा सातवीत नव्या शाळेत येतो. एवढंच कथानक. पाऊस, समुद्र, सायकली आणि नव्या मित्रांवर विश्वास ठेवावा की नाही हा प्रश्न. मुलांबरोबर बघता येतो. काही घडायची वाट बघत बसणाऱ्याला मात्र तो रिकामा वाटेल.

याच दिग्दर्शकाचा हिंदी ‘थ्री ऑफ अस’, २०२३चा. नायिकेची स्मृती हळूहळू जायला लागलीय आणि ती नवऱ्याला घेऊन वेंगुर्ल्याला येते, जिथे तिच्या लहानपणाची काही वर्षं गेली. शेफाली शाह, जयदीप अहलावत, स्वानंद किरकिरे. ज्यांच्या घरात विस्मरणाचा आजार आहे, त्यांना सांगताना मी आधी थांबून विचार करेन. काहींना त्यातून धीर येईल, काहींना आत्ता ते झेपणार नाही. सिनेमा तोच, चांगला तेवढाच. पण ‘तू बघ’ म्हणायची वेळ माणसागणिक वेगळी असते.

आणि रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’. २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलेला हा मराठी सिनेमा. वडील गेल्यावर मुंबईचा मुलगा दहा दिवसांच्या विधींसाठी गावी येतो. नातेवाईक सारखे विचारतात, लग्न कधी? आणि गावात त्याला लहानपणचा मित्र भेटतो. दोन पुरुषांच्या प्रेमाची ही गोष्ट अजिबात आवाज न चढवता सांगितली आहे. मी कोणा मावशीला सांगेन तर म्हणेन, ‘मावशी, यातली आई बघा.’ ती माझी पळवाट नाही. त्या वयाच्या प्रेक्षकाला त्या सिनेमात शिरायला ते खरंच एक दार आहे.

आता न आवडलेल्याचं. कारण सांगितलं तर नापसंतीही उपयोगी पडते. ‘मला नाही आवडला, तीन तास नुसती गाणी’ असं म्हणालात, तर गाण्यांचा शौकीन लगेच तिकीट काढेल. ‘बकवास’ म्हणालात तर कोणालाच काही मिळत नाही. माझं म्हणणं एवढंच, की ‘नको बघू’ म्हणताना त्याला एक ‘कारण’ जोडा.

आणि शेवटचं. छोटा सिनेमा आवडला, तर सांगताना वार सांगा. ‘बघ’ नको, ‘रविवारच्या आत बघ’ म्हणा. थिएटर कोणतं, खेळ किती वाजता तेही सांगा. ते चार दिवस भरून काढायचे असतील तर एवढंच आपल्या हातात आहे.



श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : शेवट सांगितला तर खरंच मजा जाते का? आपण कीर्तनात तर शेवट माहीत असलेलीच आख्यानं ऐकतो.

उत्तर : छान प्रश्न आहे. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी लघुकथांवर एक प्रयोग केला होता. शेवट आधी कळलेल्या वाचकांना कथा कमी तर आवडल्या नाहीतच, उलट किंचित जास्तच आवडल्या. नंतरच्या अभ्यासांतून मात्र वेगवेगळे निष्कर्ष निघाले. कीर्तनाचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. तिथे ‘काय झालं’ हे सगळ्यांनाच माहीत असतं, बुवा ते ‘कसं’ सांगतात यासाठी आपण बसतो. पण तिथे शेवट सगळ्यांच्या मालकीचा असतो. सिनेमाचा शेवट तुमच्याकडे असतो, समोरच्याकडे नसतो. तो हवा की नको हे त्यानं ठरवावं. ‘सैराट’चा शेवट आधी कोणी सांगितला असता, तर सिनेमा वाईट झाला नसता; पण थिएटरमधली ती शेवटची शांतता आपल्या वाट्याला तशी आली नसती.

प्रश्न : ओळखीच्या माणसानं सिनेमा केलाय, प्रीमियरला बोलावलंय, बाहेर उभा राहून ‘कसा वाटला?’ विचारतोय. आणि आवडलेला नाही. काय करायचं?

उत्तर : (हशा) त्या दारात तो मत विचारत नसतो, तो घाबरलेला असतो. तिथे त्याला तुम्हाला खरोखर आवडलेली एक गोष्ट सांगा. एक तरी असतेच. बाकीचं आठ दिवसांनी, घरी, चहा घेताना, त्यानं विचारलं तर. पण तिसऱ्या माणसानं ‘मी जाऊ का?’ विचारलं, तर मैत्रीखातर ‘जा’ म्हणू नका. पैसे त्याचे आहेत.

प्रश्न : तुम्ही छोट्या सिनेमाचं एवढं सांगितलंत. मग मराठी आहे, छोटा आहे म्हणून आवडला नाही तरी चांगलं बोलावं का? भाषेसाठी?

उत्तर : नाही. अगदी नाही. असं बघा, तुमच्या सांगण्यावरून एक कुटुंब मराठी सिनेमाला गेलं आणि कंटाळून परत आलं. पुढच्या वेळी तुम्ही खरोखर चांगल्या सिनेमाबद्दल सांगाल तेव्हा ते येणार नाहीत. त्या पुढच्या सिनेमाचं तिकीट तुम्ही आधीच फाडलेलं असतं. न आवडलेल्या सिनेमाबद्दल विचारलंच तर कारण देऊन सांगा, नाही विचारलं तर गप्प राहिलात तरी चालेल. पण आवडलेल्याबद्दल गप्प राहू नका. आपण तिथेच आळस करतो. न आवडलेल्या पिक्चरवर आपण अर्धा तास बोलतो, आणि आवडलेल्यावर ‘छान होता’ म्हणून चहा मागवतो. शनिवारी एखादा चांगला बघितलात, तर सोमवारची वाट बघू नका. घरी जाताना रिक्षातूनच दोघांना फोन करा.